अस्वलांच्या मुलखात भाताची चार शितं

आम्ही आफ्रिकेला गेलो नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे सिंहाच्या आशेने वाचायला बसलेल्यांना वेळेवर उठता येईल.

बेत मात्र आफ्रिकेचाच होता. बोट्स्वाना. छपरावर तंबू असलेल्या दोन गाड्या, आपणच ड्रायव्हर, आपणच आचारी, आणि रात्री तंबूखालून हत्ती जाणार. अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या आमच्या स्वयंपाकघरात तीन महिने नकाशा लटकत होता. माझा नवरा श्रीरंग रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्यावर बोट फिरवायचा आणि 'ओकावांगो' असं भारदस्त आवाजात म्हणायचा, जणू तिथे त्याचं आजोळ होतं.

बेत मोडला तो मिलिंदमुळे. मिलिंद आणि वैशाली हे नागपूरचं जोडपं आमच्यापासून दोन सिग्नल लांब राहतं. आम्ही नागरिकत्वाची शपथ घेऊन मोकळे झालो. मिलिंद मात्र चौदा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. आता कुठे त्याचा अर्ज शेवटच्या पायरीवर पोचला होता, आणि परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद, असं त्याच्या वकीलबाईंनी बजावलं होतं. पत्र काही येत नव्हतं.

"तुम्ही जा यार," मिलिंद आमच्या टेबलाशी बसून म्हणाला. "मी फोटो बघीन."

"असं तोंड करून सांगितलंस तर कोण जाणार?" मी म्हटलं. "तुझा फोटो काढून बोट्स्वानाला पाठवला तर हत्तीसुद्धा रडतील."

तोडगा काढला आमच्या सोळा वर्षांच्या ईराने, फोनवरून डोळे न उचलता. "गाइज, यलोस्टोन. इट्स लिटरली अ सफारी. विथ बेअर्स."

मिलिंदचे वडील, नाना, तेव्हा सहा महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. वय शहात्तर. त्यांनी विचारलं, "अस्वल मोकळं असते का?" मोकळंच असतं म्हटल्यावर ते म्हणाले, "मग चला ना बाप्पा, वाट कशाची पाहता?"

बोझमन: गाड्यांवरचा माळा

मोंटाना राज्यातल्या बोझमनला उतरून आम्ही दोन पिकअप ट्रक भाड्याने घेतले. दोन्हींच्या छपरावर घडीचे तंबू. कडी काढायची, शिडी ओढायची की पुस्तक उघडावं तसा तंबू उघडतो. भाड्याने देणाऱ्या पोराने हे एका मिनिटात करून दाखवलं. आम्हाला पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं लागली, आणि त्यातली वीस श्रीरंग तंबूच्या आत अडकला होता ती.

सहा जणांचं झोपायचं कसं, यावर मोठी सभा झाली. सासरा आणि सून एका तंबूत झोपणं शक्य नव्हतं. शेवटी लग्नघरातली व्यवस्था लागू केली: एका गाडीवर बायका, एका गाडीवर पुरुष. नाना शिडी चढून वर गेले, आडवे झाले आणि वरून बातमी दिली, "आमच्या माळ्यापेक्षा चांगला आहे. उंदीर नाहीत."

मिलिंदचं काय चाललं होतं हे आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ग्रीन कार्डच्या अर्जात एक प्रश्न असतो. तुम्हाला आयुष्यात कधीही अटक झाली आहे का, तुमच्यावर कधी काही ठपका ठेवून दंडाचा किंवा कोर्टाचा कागद फाडला गेला आहे का, अशा अर्थाचा. उत्तर 'नाही' असेल तर पुढे चला. 'हो' असेल तर कागद जोडा, खुलासा लिहा आणि वाट बघा. मिलिंदने खरं 'नाही' लिहिलेलं होतं, पण मुलाखत अजून व्हायची होती आणि तिथे हाच प्रश्न परत विचारतात. वकीलबाई त्याला म्हणाल्या होत्या, "कार्ड येईपर्यंत अगदी कंटाळवाणं आयुष्य जगा." मिलिंदने हे व्रतासारखं घेतलं होतं. आणि यलोस्टोन पडलं राष्ट्रीय उद्यान, म्हणजे केंद्र सरकारची जमीन. तिथे नियम मोडला तर कागद थेट केंद्र सरकारचा.

त्यामुळे पंचेचाळीस मैलांची मर्यादा असेल तिथे तो एकेचाळीसने चालवायचा. मागे अमेरिकेच्या अर्ध्या राज्यांच्या नंबरप्लेट साचायच्या.

"मिलिंद, मागचा म्हातारा सायकलवर आहे आणि तो चिडलाय," मी वॉकीटॉकीवरून सांगितलं.

"चिडू दे. त्याचा इंटरव्ह्यू नाहीये."

छावणी: अस्वलपेटी

आमची जागा उंच पाइनच्या झाडांत होती. एक लाकडी टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं आणि तपकिरी रंगाची एक भक्कम पोलादी पेटी. हिला आम्ही अस्वलपेटी नाव दिलं. तिची कडी एका खोबणीत दडलेली असते. माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. ज्याला वास आहे ते सगळं या पेटीत ठेवायचं, असा कडक नियम. अन्न तर आलंच, पण टूथपेस्ट, साबण, लिपस्टिकसुद्धा.

बुकिंग मिलिंदच्या नावावर होतं, कारण पहाटे उठून वेबसाइटशी झुंजायला आमच्यात तोच. तेव्हा पेटीचा किल्लेदारही तोच झाला. त्याने प्रत्येकाच्या सामानातली एकेक वस्तू हुंगली. वैशालीची थालिपिठाची भाजणी, लसणाची चटणी, हिंगाची डबी, मेतकूट, माझा सेंट, सगळं आत. हिंगाच्या डबीला तर त्याने तीन पिशव्या घातल्या. नानांच्या खिशातून बामची बाटली काढून घेतली तेव्हा नाना म्हणाले, "हे घे. पण जो गुडघ्याला लावला त्याचं काय करू? गुडघा ठेवू का पेटीत?"

स्वयंपाक मात्र थाटात झाला. आम्ही छोटा प्रेशर कुकर नेला होता. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या जागेतले आयोवाचे गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्या शिट्टीला त्यांची बायको गाडीत जाऊन बसली. तिसऱ्या शिट्टीनंतर ते आमच्या हद्दीच्या काठाशी येऊन उभे राहिले. इथली ही रीत मला फार आवडते: बोलावल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवत नाही. आम्ही मात्र दोन गाड्यांच्या मधून 'अगं मीठ कुठंय' असं पूर्ण जंगलाला विचारत होतो.

"माफ करा," ते म्हणाले, "अस्वलं पळवायचं यंत्र आहे का ते?"

"हो," मी म्हटलं. "तीन वेळा वाजवावं लागतं. मग डाळ मऊ होते."

ते पाच मिनिटांनी वाटी घेऊन परत आले आणि वरण प्यायले. प्यायलेच, भात नको म्हणाले.

लमार खोरं: दर्शन

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून लमारच्या खोऱ्यात गेलो. याला इथले लोक अमेरिकेची आफ्रिका म्हणतात, आणि पहिल्यांदाच मला नकाशा उतरवल्याचं दुःख कमी झालं. रुंद, हिरवं खोरं, मधून नदी, आणि गवतावर कुणी कोळशाचे ढीग ओतून ठेवावेत तसे गवे. बायसन म्हणजे आपला गवाच, पण याने हिवाळ्यासाठी घोंगडी पांघरली आणि जूनमध्ये काढायचा आळस केला. अर्धी घोंगडी अंगावर, अर्धी लोंबत. वासरं मात्र नारिंगी, कोरीकरकरीत.

एक कळप रस्त्यावर आला आणि चाळीस मिनिटं सगळी वाहतूक बंद. कुणी हॉर्न वाजवेना. मिलिंद नियमाप्रमाणे पंचवीस यार्ड अंतर ठेवून थांबला होता. पण एका गव्याला नियम माहीत नव्हता. तो सरळ चालत आला आणि मिलिंदच्या खिडकीपाशी उभा राहून श्वास सोडू लागला. काच धुक्याने भरली.

वॉकीटॉकीवर मला उद्देशून मिलिंदचा बारीक आवाज आला. "अंतर त्याने मोडलं. मी नाही. मंजू, तू बघितलंस ना? व्हिडिओ काढ."

मागच्या सीटवरून नानांचं स्वागत ऐकू येत होतं. "या, या. सावकाश जा. घाई नाही आमाले."

पुढे एका टेकाडावर दहा-बारा म्हातारी माणसं तिपायांवर दुर्बिणी लावून बसली होती. समोरच्या डोंगरउतारावर लांडग्यांची गुहा होती म्हणे. ही माणसं तिथे रोज येतात, थर्मासमधून कॉफी पितात, आणि प्रत्येक लांडग्याचं घराणं त्यांना पाठ असतं. एका आजींनी आम्हाला आपल्या दुर्बिणीपाशी बोलावलं. आम्ही ओळीने उभे राहिलो. प्रत्येकाने डोळा लावायचा, काहीतरी दिसल्यासारखं करायचं आणि लगेच बाजूला व्हायचं, ही आपली देवळातली सवय. मागून कुणी ढकलायच्या आत पुढे सरकायचं.

"दिसला?" आजींनी विचारलं.

"दिसला, दिसला," आम्ही पाचही जण म्हणालो.

मग नाना पुढे झाले. त्यांनी डोळा लावला आणि हललेच नाहीत. दोन मिनिटांनी म्हणाले, "काही नाही दिसत. दगड आहे."

आजींनी वाकून पाहिलं. दुर्बीण सरकली होती. आम्ही पाच जणांनी एका दगडाचं मनोभावे दर्शन घेतलं होतं. आजींनी ती परत लावली आणि नानांना एक राखाडी लांडगी दिसली, पिल्लांना अंगावर घेऊन पडलेली. आम्हालाही दिसली असती, पण आम्ही आधीच 'दिसला' म्हणून बसलो होतो आणि आता परत मागायची लाज वाटत होती. ईराने निर्लज्जपणे मागून घेतली. हा तिचा अमेरिकन जन्माचा फायदा.

छावणी: तिसऱ्या दिवशीचं जेवण

नाना जेवायला बसताना चित्राहुती घालतात. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला तूप-भाताचे चार चिमुकले घास मांडायचे, हात जोडायचे आणि मग जेवायचं. जेवण झालं की ते घास उचलून पाखरा-मुंग्यांसाठी बाहेर ठेवायचे. अल्फारेटात ते डेकच्या कठड्यावर ठेवतात आणि तिथल्या खारींची पोटं सुटली आहेत.

यलोस्टोनमध्ये टेबलामागच्या पाइनच्या बुंध्याशी एक सपाट दगड होता. नाना पहिल्या दिवसापासून, दोन्ही वेळा, त्या दगडावर घास ठेवत होते. लपूनछपून नाही. आम्ही सगळे समोर बसलेले असायचो. जो मिलिंद टूथपेस्टवर पहारा करत होता, तोच नानांना म्हणायचा, "नाना, तूप घ्या ना अजून." पाहत सगळे होतो, पण कुणाला दिसत नव्हतं. जन्मापासून पाहिलेली गोष्ट दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली आणि उद्यानाच्या रेंजरबाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावर ती रुंद कडेची हॅट. सकाळी छावणीत एक तरणं काळं अस्वल फिरताना कुणीतरी पाहिलं होतं, म्हणून त्या प्रत्येक जागा तपासत होत्या. त्यांनी आमची पेटी उघडली. मिलिंदने आत चिठ्ठ्या लावल्या होत्या: 'मसाले', 'दात', 'केस', 'हिंग – धोका'.

"इतकी व्यवस्थित पेटी मी या हंगामात पाहिली नाही," त्या म्हणाल्या.

मिलिंद असा फुलला की वैशालीने त्याला कोपर मारलं.

तेवढ्यात रेंजरबाईंच्या मागे, पाइनवरून, एक भला थोरला डोमकावळा पंख आपटत खाली आला आणि त्याने दगडावरच्या भातावर चोच मारली.

"आला!" नाना टाळी वाजवून ओरडले. "आला बघा! तीन दिवस झाले, वाट पाहून राहिलो होतो!"

रेंजरबाई वळल्या.

त्या दगडापर्यंत चालत गेल्या. कावळा उडाला. त्या खाली बसल्या, बोटाने शितं हलवली, तूप बोटावर चोळून वास घेतला. मग उठल्या आणि मघापेक्षा हळू आवाजात विचारलं, "ही जागा कुणाच्या नावावर आहे?"

मी 'माझ्या' म्हणायला तोंड उघडणार होते. नाटकाची मला हौस आहे आणि इतकी चांगली एंट्री पुन्हा मिळाली नसती. श्रीरंगने माझ्या पायावर पाय दिला आणि तो काढला नाही.

मिलिंदने हात वर केला, शाळेत करतात तसा. "माझ्या. साइट माझ्या नावावर आहे."

"नो, नो, मॅडम," नाना मध्ये आले. "आय डिड. ही डज नॉट नो."

"आय नो," मिलिंद म्हणाला. "मी रोज बघत होतो. लक्षात आलं नाही."

"पण हे आहे काय?" बाईंनी विचारलं.

आम्ही चौघं एकदम समजावायला लागलो. ईराने फोन खाली ठेवला आणि इथल्या जेवणाआधीच्या प्रार्थनेचा दाखला दिला. "इट्स लाइक सेइंग ग्रेस," ती म्हणाली, "बट विथ सॅम्पल्स."

रेंजरबाईंनी मान हलवली. मग त्या नानांकडे वळून संथपणे बोलल्या आणि मी भाषांतर केलं. अस्वलाला एकदा माणसाच्या अन्नाची चव लागली की ते परत येतं. मग तंबूत शिरतं. मग कुणीतरी जखमी होतं. आणि मग त्या अस्वलाला गोळी घालावी लागते. "मागच्या वेळी ते काम माझ्याकडे आलं होतं," त्या म्हणाल्या. मी कुठलंही भाषांतर पदरचं घातल्याशिवाय करत नाही. हे केलं.

नाना बुंध्याशी गुडघे टेकून बसले आणि पाइनच्या सुया बाजूला करत एकेक शीत वेचायला लागले. मिलिंद त्यांच्या शेजारी बसला. बाईंनी मिलिंदचं लायसन्स घेतलं आणि आपल्या गाडीकडे गेल्या. "इथेच थांबा," म्हणाल्या.

पंधरा मिनिटं आम्ही थांबलो. गाडीच्या काचेतून त्या खाली मान घालून लिहिताना दिसत होत्या.

"काय झालं रे?" नाना मिलिंदला म्हणाले. "इतका घाबरला काऊन? दंड भरून टाकू."

"दंडाचं नाही, नाना." आणि मग मिलिंदने, तिथेच गुडघ्यांवर, बापाला अर्जातला तो प्रश्न सांगितला. आजवर सांगितला नव्हता. आईवडिलांना उगाच काळजी नको, म्हणून आपण सगळेच जे करतो ते.

"मग 'हो' लिहावं लागलं तर नाही म्हणतीन का ते?"

"नाही म्हणाले तर बरं. कुणीतरी फाइल बाजूला ठेवतं. बस. कधी उचलतील ते माहीत नाही."

नानांच्या ओंजळीत मातकट भात होता.

"बाजूला ठेवणं मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी ठेवत होतो."

नाना तहसील कचेरीत कारकून होते, छत्तीस वर्षं. दाखले, उतारे, वारसाच्या नोंदी. हे मला माहीत होतं. पण त्यांच्या तोंडून कचेरीबद्दल ऐकले ते फक्त विनोद.

"पैशासाठी नाही ठेवल्या, देवाशपथ," ते म्हणाले. "कंटाळा आला म्हणून ठेवल्या. जेवणाची सुट्टी झाली म्हणून. खिडकीबाहेर माणूस घामाघूम उभा राहायचा. मला वाटायचं, एक साधा दाखला, त्यासाठी इतकं काय घाबरते हा?"

मिलिंद म्हणाला, "जाऊ द्या, नाना."

"जाऊ काय द्या."

गाडीचं दार वाजलं. रेंजरबाई एक कागद घेऊन आल्या. मिलिंदने तो घेतला, पण वाचता येईना. मग बाईंनीच सांगितलं: ही लेखी ताकीद आहे. दंड नाही, कोर्ट नाही. पेटी त्यांनी पाहिली, नावावर जागा घेणारा स्वतः पुढे आला हे पाहिलं, आणि शेवटचं शीतसुद्धा उचललं गेलं हे पाहिलं. पुन्हा झालं तर मात्र त्याच दिवशी छावणी सोडायची.

"म्हणजे," मिलिंद म्हणाला, "मला कुणी विचारलं की माझ्यावर कधी कागद फाडला गेला का, तर?"

"मी वकील नाही," बाई म्हणाल्या. "पण हा तो कागद नाही."

दोन दिवसांनी फोनला रेंज मिळाली तेव्हा वकीलबाईंनीही तेच सांगितलं, आणि शिवाय एक प्रदीर्घ उसासा सोडला, ज्याचं बिल आलं असेल तर मिलिंदने आम्हाला सांगितलेलं नाही. पण त्या दुपारी तेवढं एक वाक्यसुद्धा पुरलं. वैशाली टेबलावर डोकं टेकून बसली. श्रीरंगने अखेर माझ्या पायावरचा पाय काढला.

रेंजरबाई निघाल्या, तसे नाना त्यांच्या मागे गेले. भात अजून ओंजळीतच.

"मॅडम," ते म्हणाले. "यू फिनिश्ड इन फिफ्टीन मिनिट्स."

"सॉरी, जरा वेळ लागला," बाई म्हणाल्या.

"नो, नो. आय वॉज ऑल्सो गव्हर्नमेंट सर्व्हंट. थर्टी सिक्स इयर्स. पीपल केम टु माय विंडो. आय टोल्ड देम, कम टुमॉरो."

बाईंनी हॅट जरा मागे सारली. त्यांना हे कुठे चाललंय ते कळत नव्हतं, पण गंमत वाटत होती. "अँड व्हॉट डिड दे डू?"

"दे केम टुमॉरो," नाना म्हणाले.

बाई हसायला लागल्या, आणि नानांचा चेहरा पाहून थांबल्या.